पाठमोरी आई

मी थाळी फेकायचे असं सांगितलं की लोक आधी माझ्या खांद्यांकडे बघतात आणि मग "वाटतंच हो" म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही. बोईसरच्या ज्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे तिथली पोरं निदान सरळ विचारतात. सरावलीच्या चाळींतून येणारी, घरी हिंदी बोलणारी पोरं. "मॅडम, आप सच में पूरे इंडिया में फर्स्ट आयी थीं?" आले होते बाबांनो. महाराष्ट्रात तर बरीच वर्षं माझ्यापुढे कोणाची थाळी गेली नाही. पण त्या सगळ्या वर्षांत माझ्या आईने माझी एकच फेक डोळ्यांनी पाहिली, आणि तीही पाहिली नसती तर बरं झालं असतं असं ती म्हणायची. त्या एका फेकीवरून आम्हा दोघींचं जे झालं ते मला लिहायचं आहे.

आमचं घर नवापूरचं, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाबा बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. बोट सुटायच्या आधी आई किनाऱ्यावर नुसती नाचत असायची. बर्फ चढला का, पाण्याचे ड्रम भरले का, भाकऱ्यांचं गाठोडं कोणाकडे दिलं? खलाशांवर ओरड, बाबांवर ओरड, आम्हा पोरांवर ओरड. आणि इंजिन सुरू झालं की ती एकदम गप्प व्हायची आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहायची. जाणारी बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत राहू नये, असं आमच्याकडे काही घरांत मानतात. पण बाकीच्या बायका आपल्या सहज वळून गप्पा मारत घरी जायच्या. आईचं तसं नव्हतं. ती तिथेच पाठमोरी उभी राहून आवाज ऐकायची, आणि आवाज विरला की आम्हा भावंडांना विचारायची, "नीट गेली?" आम्ही हो म्हटलं की मगच तिचे पाय घराकडे वळायचे.

नुसतं बोटीचंच नाही. दादा शाळेच्या सहलीला निघाला तेव्हा एसटी हलल्याबरोबर तिने तोंड फिरवलं. बाकीच्या आया खिडकीखाली उभ्या राहून हात हलवत होत्या, आणि आमची आई, जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, ती समोरच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात वाचत उभी होती. दादा सहलीहून परतला तो आधी तिच्याशी भांडला आणि मग जेवला. मी धाकटी, मला हे सगळं मजेचं वाटायचं.

थाळी माझ्या हातात आली ती माझ्या रागामुळे. आठवीत एका मुलाने मला सगळ्या वर्गासमोर "घोळ" म्हटलं. घोळ हा आमच्याकडचा भलामोठा मासा. मी त्याला काखेत धरून उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात बसवलं. खेळाचे सर दारातून बघत होते. त्यांनी त्या दिवशी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी बोलावून हातात थाळी दिली. लाकडाची, भोवती लोखंडाची कडा. "राग आला की ही फेकायची, पोरं फेकायची नाहीत," म्हणाले. पहिल्याच दिवशी ती हातातून सुटून भलत्याच बाजूला, शाळेच्या नळावर जाऊन आदळली. पण सुटताना बोटाच्या टोकाला जी शिरशिरी आली ती मला फार आवडली. मी सरांना विचारलं, घरी नेऊ का?

घरी सराव करायचे ते मासळी सुकवायच्या खळ्यावर. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले, मधे चटयांवर जवळा पसरलेला, आणि कडेच्या मोकळ्या तुकड्यात मी गरगर फिरतेय. एकदा थाळी शेजारच्या काकूंच्या वलांडीत घुसली आणि बांबूसकट सगळे बोंबील वाळूत. काकू माझ्यामागे चप्पल घेऊन धावल्या. आईने दिवसभर बसून त्यांचे बोंबील धुऊन परत टांगून दिले, आणि मला मात्र एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी विहिरीच्या बाजूला तोंड कर. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मी मुद्दाम त्याच्या तोंडावर फेकायचे, कारण समोरून वारा असला की थाळी तरंगते, लांब जाते. मला वाटायचं आपण फार मोठ्या झालो. सर म्हणाले, "ह्यातलं अर्धं वाऱ्याचं आहे. पालघरला गेलीस की कळेल."

पालघरला शाळांच्या स्पर्धा होत्या. आई आली, आणि तिच्याबरोबर मावशी. मावशी आईची धाकटी बहीण, बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची, त्यामुळे तिला जगात कोणाचीच भीती नव्हती. ती आल्यापासून पंचांवर ओरडत होती की आमच्या पोरीला आधी टाकू द्या. माझं नाव पुकारलं. मी वर्तुळात उभी राहिले, मान वर केली, आणि पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्या माणसांत एक पाठ दिसली. निळी साडी, अबोलीची वेणी. सगळं मैदान माझ्याकडे बघतंय आणि माझी आई मागच्या नारळांकडे. माझी पहिली फेक फाऊल गेली, दुसरी जाळीत. तिसरी कशीबशी पडली आणि माझा नंबर मागून पहिला आला.

मला वाटलं मी हाफ पँट घातली म्हणून ती लाजली. घरी आल्यावर मी दप्तर आपटलं आणि म्हणाले, "लाज वाटते तर आलीस कशाला? नारळ बघायला?" आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. मग तिने विचारलं, "शेवटची नीट गेली ना हातातून?" मी त्या दिवशी जेवलेच नाही.

दोन-चार दिवसांनी मला कोलंबीची पाटी पोचवायला मावशीकडे बाजारात धाडलं. मावशी गिऱ्हाइकाशी भांडत होती. ते भांडण संपवून ती माझ्याकडे वळली. "काय गो, तोंड सुजलंय का रागानं?" मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिने कोलंबीवर पाणी मारलं आणि खाली बघतच बोलायला लागली.

"तुजी आयस लाजत नाय. ती भिते. आमचा मोठा भाऊ होता, तुजा मामा. पयल्यांदा बोटीवर गेला तवा तुजी आयस तुज्याएवढी होती. तिचा लय जीव त्याच्यावर. बाकी सगळी घरी आली, ही एकटी उभी राह्यली, बोट टिकलीएवढी होऊन दिसंनाशी होईपरत बगत. तो काय परत आला नाय."

"मग त्यात आईचं काय?"

"काय नाय. पन एक बाय सगळ्यांसमोर बोलली, हिनंच बगून बगून घालवला. तवापासून जानारं काय असंल ते ती बगत नाय."

ती बाई कोण ते मावशीने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी मुद्दाम तिच्या वलांडीत थाळी घातली असती. मला इतका राग आला होता की रडू येत होतं. माझी आई, माझ्याएवढी, किनाऱ्यावर एकटी उभी, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. त्या दिवसापासून मी तिला बघ म्हणून कधी म्हटलं नाही. पण मनात मात्र धरून बसले की एक दिवस ती आपण होऊन वळेल. मी पुरेशी लांब फेकली, पुरेसं मोठं पदक आणलं, की वळेल. लोक मला विचारतात तुमचं स्वप्न काय होतं. ते भारताची जर्सी वगैरे ऐकायला बसलेले असतात, आणि मीही त्यांना तेच सांगते. खरं स्वप्न हे होतं.

पुढची वर्षं भराभर गेली. जिल्हा, राज्य, विद्यापीठ, मग देश. आई आणि मावशी जमेल तिथे यायच्या. मासळीचा हंगाम असला तर आई बाबांना सांगून यायची की दोन दिवस तुमचं तुम्ही बघा. हळूहळू त्यांची एक रीत बसली. आई मैदानाकडे पाठ करून बसणार आणि मावशी तिला कानात सांगणार. कानात म्हणजे सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं. "उभी राह्यली. फिरली. सोडली. पडली! पांढरी झेंडी!" पडली म्हटल्याबरोबर आई वळायची. पडलेली थाळी म्हणजे किनाऱ्याला लागलेली बोट, ती बघायला तिची हरकत नव्हती. मी वर्तुळाच्या मागच्या बाजूने बाहेर पडायचे आणि वर बघायचे तेव्हा तिचा चेहरा माझ्याकडे असायचा. घामाने चिंब, पदर तोंडाशी धरलेला. एवढ्यावर मी पुढची फेक टाकायचे.

मी पहिल्यांदा देशात पहिली आले तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला. मी फेकीच्या मधोमध, गाल फुगलेले, डोळे बाहेर, एकंदर भयंकर. मागे सगळे लोक तोंडं उघडी टाकून एका दिशेला बघतायत आणि त्यांच्या मधोमध एक अंबाडा आणि वेणी. नवापुरात तो फोटो घरोघरी चिकटवला गेला. पोरं आईला चिडवायची, "काकी, तुमचा फोटो छान आलाय." ती म्हणायची, "आलाय खरा. वेनी कशी ताजी दिसते बगा." आणि खळखळून हसायची.

पुण्याची स्पर्धा आली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. तिथून भारताच्या शिबिरासाठी मुली निवडणार होते. माझा डावा गुडघा बऱ्याच महिन्यांपासून कुरकुरत होता. थाळी सोडताना सगळं अंग त्या एका पायावर येऊन थांबतं, आणि तो पाय आता थांबायला कंटाळला होता. सर म्हणत होते या वर्षी सोडून दे. मी पट्टी आवळून बांधली आणि उतरले. शेवटच्या फेरीपर्यंत मी दुसरी होते. एकच फेक उरली होती.

मी वर्तुळात गेले तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्या कॉलेजच्या मुलींनी टाळ्या धरल्या. संथ, एका ठेक्यात, मग हळूहळू वेग वाढवत. आता हे सगळीकडे चालतं, खेळाडूला जोर यावा म्हणून. तेव्हा आमच्या मैदानांवर ते नवीन होतं, माझ्यासाठी तर पहिल्यांदाच. बघता बघता सगळ्या पायऱ्या त्या ठेक्यात सामील झाल्या. मावशी नेमकी पाणी आणायला नळावर गेली होती.

आईने आयुष्यात किनाऱ्यावर एकच गोष्ट पाहिली होती. बोट सुटली की किनारा शांत होतो. बोट आली की गलका होतो, हाका, हसणं, टोपल्यांची आदळआपट. मैदानावरही तिला तेच माहीत होतं. फेकीच्या आधी शांतता, थाळी पडली की आरडाओरडा. तिच्या कानांवर तो टाळ्यांचा कडकडाट आला आणि तिला वाटलं, पडली. माझ्या पोरीची थाळी पडली, आणि लांब पडली, म्हणून एवढा गलका. मावशी नळावरून बघत होती. ती नंतर म्हणाली, तुजी आयस हसत हसत वळली गो.

मी तेव्हा फिरत होते. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. थाळी जाळीत गेली आणि मी वर्तुळातच पडले. मान वर केली तेव्हा समोर आईचा चेहरा होता, पूर्ण माझ्याकडे वळलेला. ज्या चेहऱ्याची मी आठवीपासून वाट बघत होते तो असा मिळाला. तिच्या ओठांवर ते हसू अजून तसंच राहिलं होतं, ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात आई दाराबाहेरच्या बाकावर बसायची, भिंतीकडे तोंड करून. आत आली तरी माझ्या पायाकडे बघायची नाही. वर्षभराने मी परत उतरले, पण पाय टेकवायच्या आधीच मन मागे सरकायचं. शाळेतल्या पोरीच्या पुढे जाईना थाळी. एका संध्याकाळी मी सरांना म्हटलं, पुरे. त्यांनी माझ्या हातातली थाळी घेतली आणि रुमालाने पुसून पिशवीत ठेवली. मग नोकरी लागली, लग्न झालं. नवरा बोईसरच्या कारखान्यात फिटर. भला माणूस, फक्त घरातला कुठलाही डबा उघडला नाही की मला हाक मारतो आणि म्हणतो, या, राष्ट्रीय विजेत्या. माझी पाठवणी झाली तेव्हा आई मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली. सासरची माणसं आपसांत कुजबुजली की एकुलत्या एक मुलीला साधा निरोप नाही.

माझा खेळ गेला तो गेलाच, पण आईचं असं आतून तुटणं मला सहन होईना. तिच्या मनात पक्कं बसलं होतं की तिने बघितलं म्हणून माझा पाय गेला. भाऊ गेला, आता पोरीचा पाय. सर मुद्दाम नवापूरला आले. ओट्यावर बसून त्यांनी तिला समजावलं, की गुडघ्यातला दोर आधीच विरलेला होता, जुन्या जाळ्याची दोरी विरते तसा. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तुटणारच होता. आईने सगळं ऐकून घेतलं, त्यांना बोंबलाचं कालवण वाढलं, बरोबर सुकट बांधून दिली. ते गेल्यावर मला म्हणाली, "भला मानूस हाय. माज्यासाटी एवढ्या लांब येऊन खोटं बोलला."

मी चिडून म्हटलं, "तुझ्या डोळ्यांत एवढी ताकद असती ना, तर मी तुला आधी माझ्या सासूकडे बघायला लावलं असतं!" ती हसली. मला वाटलं, जमलं. पण मी बोईसरला जायला रिक्षात बसले, आणि मागे बघते तर ती फाटकात पाठमोरी. रिक्षाच्या आवाजावर तिला वहिनीला विचारताना ऐकलं, "नीट गेली?"

असं किती वर्षं चाललं. बाबा गेले, मावशीने बाजारात बसणं सोडलं, बोट दादाकडे आली. मी दर महिन्याला नवापूरला जायचे आणि दर वेळी आईची पाठ बघून परत यायचे. शेवटी शेवटी मी मागे वळून बघणंच बंद केलं.

गेल्या वर्षी गणपतीत मी गेले होते. परत निघताना का कोण जाणे मी रिक्षातून मागे पाहिलं, आणि आई फाटकात उभी होती. माझ्याकडे तोंड करून. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, जरा धीरे लो." ती बघत होती. वळणावरून रिक्षा आत शिरेपर्यंत ती तशीच बघत होती, एक हात कपाळावर धरून, उन्हातून नीट दिसावं म्हणून. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो उठला आणि त्याने स्वतः शिरा केला. थोडा करपला होता, पण आम्ही दोघांनी कढई पुसून खाल्ला. आईने स्वतःला माफ केलं, असं मला वाटलं.

मग वहिनीचा फोन आला. "ताई, आई मासळीला दोन दोनदा मीठ लावतात. काल मला इचारत होत्या, तू कोनाकडं आलीस. आनि सारखं इचारतात, दादा आला का. आधी मला वाटलं ह्यांच्याबद्दल इचारतात. ह्यांच्याबद्दल नाय. त्या त्यांच्या भावाची वाट बगतात."

पालघरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले की जुनं राहील, अलीकडचं जाईल. मी बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा मला कळलं की फाटकात ती माझ्याकडे का बघत होती. तिने माफबिफ काही केलं नव्हतं. ती मागे मागे सरकत त्या दिवसाच्याही आधी जाऊन पोचली होती, जेव्हा तिचा भाऊ अजून गेला नव्हता आणि जाणाऱ्या माणसाकडे बघायला तिला कसलीच भीती नव्हती. तिचं ओझं उतरलं होतं हे खरं. पण त्या ओझ्याबरोबर मीही उतरले होते. मी तिथे बसून खूप रडले, आणि ती शेजारी बसून कौतुकाने रस्त्यावरची वाहनं बघत होती, एकेक वाहन दिसेनासं होईपर्यंत.

या हिवाळ्यात वहिनीला जरा विसावा म्हणून मी आईला सरावलीला माझ्या घरी आणलं. घरात ती बावरते, सारखी दार उघडते. म्हणून एका रविवारी सकाळी मी तिला रिक्षाने शाळेत नेलं. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची आणून झाडाच्या सावलीत ठेवली, म्हणाला, "बैठिए माताजी." ती पाय जवळ घेऊन अगदी मुलीसारखी बसली. मी कपाटातून थाळी काढली. माझ्या मनात काय होतं ते मी लपवत नाही. तिने मला फेकताना बघावं, एवढंच मला आयुष्यभर हवं होतं, आणि आता तिला कोणी अडवत नव्हतं.

गुडघ्यामुळे मला फिरता येत नाही. मी हातांना माती चोळली, जागेवरच उभी राहिले, हात मागे नेला आणि सोडली. बेताचीच गेली. पण आईचे डोळे तिच्याबरोबर गेले, माझ्या हातापासून वर, आणि वरून खाली मातीपर्यंत. तोंड उघडं, मान ताठ. थाळी पडल्यावर तिने टाळ्या वाजवल्या.

"आनकी टाक," ती म्हणाली.

मी टाकली. ती बघत होती. मी लंगडत जाऊन थाळी आणायचे, परत टाकायचे, आणि ती दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी खुश व्हायची. गुडघा ठणकायला लागला तेव्हा मी तिच्या खुर्चीजवळ मातीत बसले. तिने माझ्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि माझा चेहरा नीट निरखून बघितला.

"लय झ्याक टाकतेस गो. कोनाची पोर तू?"

मी थाळीवरची माती पुसत राहिले.

"तुजी आयस नाय आली बगाला?"

"आली हाय," मी म्हटलं.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि कपाळावर हात धरून त्या रिकाम्या मैदानात माझ्या आईला शोधायला लागली.